लक्षद्वीपच्या बेटांवर लोक राहतात कसे? पाणी, वीज, जहाज आणि विकास यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२४ मधल्या पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपविषयी मराठीत भरपूर लिहून आलं. त्यातलं बहुतेक निळं पाणी, पांढरी वाळू आणि पॅकेजचे दर यांपाशीच थांबतं. तिथं साठ हजारांहून अधिक माणसं राहतात. ती कुठलं पाणी पितात, अडलेल्या बाळंतिणीला कुठं नेतात, जहाज लांबलं तर काय खातात, हे त्यात सापडत नाही. जाणाऱ्यांनी आधी हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. न जाणाऱ्यांनीही वाचावं, कारण या बेटांविषयीचे निर्णय आपल्या सगळ्यांच्या नावाने घेतले जातात.

लक्षद्वीप नेमकं केवढं आहे?

सगळी जमीन एकत्र केली तर साधारण ३२ चौरस किलोमीटर भरते. बेटं ३६ मोजतात, पण गावं दहाच बेटांवर आहेत: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किलतान, चेतलत, बित्रा, आन्द्रोत, कल्पेनी आणि दक्षिणेला एकटं पडलेलं मिनिकॉय. केरळच्या किनाऱ्यापासून ती २२० ते ४४० किलोमीटरवर येतात.

‘ओसाड बेटं’ हा समज आधी काढून टाकावा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६४ हजारांच्या वर होती, म्हणजे चौरस किलोमीटरला सुमारे दोन हजार माणसं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राचा आकडा ३६५ होता. घराला लागून घर आहे, आणि मधे जेवढी जागा उरते तेवढ्यात माड. मात्र प्रवाळाच्या कड्यांच्या आतलं उथळ पाणी, ज्याला लगून म्हणतात, ते तब्बल ४२०० चौरस किलोमीटर आहे. ते धरल्याशिवाय इथल्या जगण्याचा हिशेबच लागत नाही.

कारभार कोण बघतं?

१ नोव्हेंबर १९५६ पासून हा केंद्रशासित प्रदेश आहे. लक्षद्वीप हे नाव १९७३ मध्ये मिळालं. मुख्यालय आधी कोळिकोडला होतं, १९६४ मध्ये ते कवरत्तीला आलं. विधानसभा नाही. लोकसभेला एक खासदार निवडून जातो आणि कारभार केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या हातात असतो. न्यायालयीन कामासाठी केरळ उच्च न्यायालय. आपल्या गावातला रस्ता किंवा जेट्टी कशी व्हावी यावर मतदान करून आणलेलं सरकार इथं नाही, हे पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी आहे.

नदी नाही, डोंगर नाही. मग प्यायचं पाणी येतं कुठून?

बेटाविषयी एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारावा.

बेटाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर. वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो वाळूत आणि प्रवाळाच्या चुनखडीत मुरतो. खाली सगळीकडे समुद्राचं खारं पाणी आहे. गोडं पाणी वजनाने हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तेलासारखं तरंगत राहतं. बेटाच्या मधोमध हा थर जाड, कडेला पातळ. बहुतेक घरांच्या परसात विहीर असते आणि ती या थरात उतरलेली असते. पाणी फार खोल नसतं. विहिरीवर थोडा वेळ उभं राहिलं तर एक गोष्ट दिसते: समुद्राला भरती आली की विहिरीतलं पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. विहीर आणि समुद्र खालून जोडलेलेच आहेत.

खाडीकाठच्या कोकणी माणसाला विहीर मचूळ होणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इथं अख्ख्या बेटाची तीच टांगती तलवार आहे. पोहऱ्याने, बेताने काढलं तर थर टिकतो. पंप लावून उपसा केला तर खालचं खारं पाणी वर चढतं, आणि मग चांगला पाऊस होईपर्यंत ते मागे हटत नाही.

दुसरा धोका घाणीचा. शौचालयाचा शोषखड्डा आणि विहीर एकाच छोट्या परसात. आपल्याकडे जे अंतर ठेवायला सांगतात तेवढी जागाच नाही. वाळूतून सगळं झिरपतं, त्यामुळे विहिरीच्या पाण्यात जंतू सापडणं ही जुनी तक्रार आहे. म्हणून पागोळ्यांचं पाणी टाक्यांत साठवण्यावर भर दिला गेला आणि पुढे समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आले.

समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी कसं करतात?

चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्तीला हा प्रकल्प सुरू केला. मला तो फार आवडतो, कारण बेटाची जी अडचण आहे तिचाच त्यात उपयोग केला आहे. प्रवाळ बेटाच्या कडेला समुद्र एकदम खोल जातो. किनाऱ्यापासून फार लांब न जाता साडेतीनशे मीटरच्या आसपास खोली मिळते, आणि तिथलं पाणी १२-१३ अंश इतकं गार असतं. वरचं पाणी २८ अंशांच्या घरात.

एका बंद टाकीतली हवा काढून दाब खूप कमी करायचा आणि त्यात वरचं कोमट पाणी सोडायचं. दाब कमी असल्याने त्यातलं थोडं पाणी त्याच तापमानाला उकळून वाफ होतं आणि मीठ मागे राहतं. ती वाफ खोलातून आणलेल्या गार पाण्याच्या नळ्यांवरून जाते आणि गोडं पाणी होऊन खाली येते. इंधन जाळून पाणी तापवावं लागत नाही, रसायनं लागत नाहीत. वीज लागते ती पंपांना.

कवरत्तीच्या प्रकल्पाची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. ऐकायला आकडा मोठा वाटतो. कवरत्तीत अकरा हजारांच्या आसपास माणसं राहतात, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिणं आणि स्वयंपाक त्यात भागतो. धुणी-भांडी, अंघोळ विहिरीवरच. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीला असे प्रकल्प झाले, नंतर दिवसाला दीड लाख लिटरचे प्रकल्प इतर बेटांवर सुरू झाले. कदमतच्या प्रकल्पाचं उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झालं.

हे नऊ लिटर लक्षात ठेवा. पुढे पर्यटनाच्या उत्तरात लागतील.

वीज आहे का?

आहे, पण ती प्रामुख्याने डिझेलवर. बेटं एकमेकांपासून इतकी दूर आहेत की एकाच्या तारेवर दुसऱ्याला वीज देता येत नाही. प्रत्येक बेटाचं वीजघर वेगळं, आणि तिथं जळणारं डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. त्यामुळे एका युनिटचा खरा खर्च ग्राहकाच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि फरक सरकार सोसतं. सौर प्रकल्प बरेच वर्षांपासून आहेत. कवरत्तीला बॅटरीसह सौर प्रकल्पही झाला. अडचण पुन्हा जागेची: सौर पाट्या मांडायला मोकळी जमीन हवी, आणि मोकळी जमीन म्हणजे माड तोडणं. सरकारी इमारतींची छपरं आधी वापरावीत हे मला अधिक पटतं.

भाजी, तांदूळ, गॅस कुठून येतो?

माड, मासे, थोडी केळी, शेवगा, पपई, परसातल्या कोंबड्या आणि शेळ्या. एवढं बेटाचं. बाकी सगळं समुद्रावरून. तांदूळ, साखर, कांदे-बटाटे, सिमेंट, औषधं, वह्या, सिलिंडर: सगळं कोची, मंगळूर किंवा कोळिकोडजवळच्या बेपूर बंदरातून येतं. धान्याचं वाटप आणि नारळाची खरेदी यांत बेटांवरच्या सहकारी संस्थांचा मोठा वाटा आहे.

जहाज दोन-चार दिवस लांबलं की सगळ्यांत आधी हिरवी भाजी संपते. मग टोमॅटो आणि मग कांदा. बेटावरची गृहिणी जहाजाचं वेळापत्रक तोंडपाठ ठेवते ते यासाठी.

पावसाळ्यात काय हाल होतात?

मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला. कोकणात जशी आगोटीची तयारी करतात तशीच इथंही करावी लागते: तांदूळ, सुके मासे, सरपण, औषधं भरून ठेवायची. छोट्या बोटी ओढून माडांत बांधतात. मोठी जहाजं चालू असतात, पण फेऱ्या कमी होतात आणि हवामानावर अवलंबून राहतात.

खरी कसोटी चढण्या-उतरण्याची. लगून उथळ, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मोठं जहाज बाहेरच थांबतं आणि माणसं लहान बोटीत उतरून किनाऱ्याला येतात. जहाजाच्या बाजूचं दार उघडतं, खाली बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. बोट वर आली की खलाशी ‘आता’ म्हणतो आणि तेवढ्या क्षणात पाय टाकायचा. म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कडेवरचं मूल, सगळ्यांना हाताला धरून असंच उतरवतात. काही बेटांवर पूर्वेच्या बाजूला जेट्ट्या झाल्या, तिथं हा त्रास कमी झाला. माझ्या मते इथल्या सगळ्या विकासकामांत जेट्टीएवढं उपयोगी दुसरं काही नाही.

कुणी एकदम आजारी पडलं तर?

प्रत्येक मोठ्या बेटावर प्राथमिक किंवा सामुदायिक आरोग्य केंद्र आहे आणि कवरत्तीत इंदिरा गांधी रुग्णालय. साधे आजार, सरळ बाळंतपण, हाड मोडणं हे तिथं निभावतं. हृदयविकार, अपघातात डोक्याला मार, अडलेली बाळंतीण अशा वेळी हेलिकॉप्टरने कोचीला नेतात. हेलिकॉप्टर मिळणं हे हवामान, उजेड आणि आधीच वाट बघणारे रुग्ण यांवर ठरतं.

कॅन्सर, डायलिसिस, मोठी शस्त्रक्रिया यांसाठी कोची किंवा कोळिकोडला खोली घेऊन महिनोन्‌महिने राहावं लागतं. उपचार एक वेळ मोफत मिळतील. सोबतच्या दोन माणसांचं राहणं, जेवण आणि बुडालेली मजुरी कोण देणार? बेटावरच्या घराला आजारपण महाग पडतं ते इथं. व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळण्याची सोय वाढली तर निम्म्या फेऱ्या तरी वाचाव्यात.

इंटरनेट चालतं का?

आता बरं चालतं. आधी सगळा भार उपग्रहावर होता. ऑगस्ट २०२० मध्ये घोषणा झालेली कोची–लक्षद्वीप समुद्राखालची केबल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अकरा बेटं (वस्तीची दहा आणि पर्यटनाचं बंगारम) तिने जोडली, खर्च हजार कोटींच्या वर. बँकेचं काम, परीक्षांचे अर्ज, दूरवर शिकायला असलेल्या मुलांचे चेहरे बघणं, यांत लोकांना फरक जाणवतो.

शिक्षणाचं काय?

साक्षरता ९० टक्क्यांच्या वर. मुलींचं शिकणं ही आज तिथं वादाची गोष्ट नाही. बारावीपर्यंत शाळा आहेत, मिनिकॉयला जवाहर नवोदय विद्यालय आहे. पदवीची सोय मर्यादित, म्हणून सतरा-अठराव्या वर्षी मुलं केरळात जातात. शिकलेल्यांना परत येऊन करायला सरकारी नोकरी सोडून फारसं काही नसतं. या पिढीचा हाच मोठा पेच आहे.

पोटापाण्यासाठी लोक करतात काय?

सरकारी नोकरी, माड आणि मासे. माडापासून खोबरं, काथ्या, माडाचा गूळ आणि व्हिनेगर.

मासेमारीविषयी सविस्तर सांगायला हवं, कारण जगात अभिमानाने दाखवावी अशी ती पद्धत आहे. मासा म्हणजे ट्यूना, मालवणकडचा कुपा. जाळं नाही, ट्रॉलर नाही. पहाटे लगूनमध्ये बारीक मासळी पकडायची आणि ती जिवंत ठेवायची. त्यासाठी बोटीच्या पोटात एक कप्पा असतो. त्याच्या तळाला भोकं असतात, त्यांतून समुद्राचं पाणी खेळत राहतं. मग कड्याबाहेर खोल समुद्रात जायचं आणि पक्षी कुठं घिरट्या घालतात ते बघायचं. थवा सापडला की मूठ-मूठ जिवंत मासळी पाण्यात फेकायची आणि बोटीच्या मागच्या टोकावरून पाणी उडवायचं, म्हणजे कुप्याला वाटतं पृष्ठभागावर मासळीच मासळी आहे. मागे रांगेने उभी माणसं काठ्यांना दोरी आणि गळ लावून तयार असतात. गळाला उलटा काटा नसतो. मासा लागला की एक झटका द्यायचा, मासा डोक्यावरून मागे येतो, हवेतच गळातून सुटतो आणि फळीवर पडतो. गळ परत पाण्यात. हे जोरात, अर्धा तास किंवा त्याहून कमी चालतं. मग थवा अचानक खाणं थांबवतो आणि सगळं शांत.

एकेक मासा काठीने काढायचा असल्याने कासव, डॉल्फिन, पिलं असलं काही फुकट मरत नाही. ही विद्या मुळात मिनिकॉयची. १९६० च्या दशकात मत्स्यखात्याने यंत्रबोटींबरोबर ती इतर बेटांवर पोहोचवली. पकडलेला मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवला की दगडासारखा कडक ‘मास’ तयार होतो. तो महिनोन्‌महिने टिकतो.

यातली मेख अशी की बारीक मासळी लगूनमध्येच मिळते, आणि ती प्रवाळावर जगते. प्रवाळ मेलं की आमिष नाही, आमिष नाही की कुपा नाही.

मिनिकॉय वेगळं का म्हणतात?

कारण ते खरंच वेगळं आहे. बाकी बेटांपासून सुमारे दोनशे किलोमीटर दक्षिणेला, मालदीवच्या जवळ. इतर बेटांवर मलयाळमची बेटावरची बोली बोलतात. मिनिकॉयला महल बोलतात, जी मालदीवच्या दिवेहीचीच बहीण आहे आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. गाव अकरा वस्त्यांत विभागलेलं आहे. प्रत्येक वस्तीचा पुरुष प्रमुख असतो आणि स्त्री प्रमुखही असते. सामुदायिक कामं, सणाची जेवणं, रस्ते झाडणं हे वस्तीच्या पातळीवर ठरतं. १८८५ चा दीपस्तंभ अजून उभा आहे. इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून जातात. मुंबई बंदरातल्या जुन्या दर्यावर्दी मंडळींना मिनिकॉयची माणसं चांगली ठाऊक असतात. मार्च २०२४ मध्ये नौदलाचा ‘जटायू’ तळ इथं सुरू झाला.

घर-जमीन कुणाच्या नावावर असते?

बहुतेक सगळे मुसलमान आणि अनुसूचित जमातीत मोडणारे, तरी वारसा परंपरेने आईकडून चालत आला आहे. घराण्याला तरवाड म्हणतात. पुरुष लग्नानंतरही आपल्या आईच्या तरवाडाचाच राहतो. मिळकतीचे दोन प्रकार: घराण्याची सामाईक ती शुक्रवारची मिळकत, स्वतः कमावलेली ती सोमवारची. शुक्रवारची मुलींच्या वंशाकडे जाते, सोमवारची कशी द्यायची ते कमावणारा ठरवतो. आता वाटण्या वाढल्या आहेत, पण बाईच्या पायाखाली स्वतःचं घर असणं ही इथली जुनी रीत आहे, आणि ती बघून मला नेहमीच आदर वाटतो.

आम्हाला तिथं प्लॉट घेता येईल का?

नाही. जमातीबाहेरच्या माणसाला जमीन देण्यावर १९६४ पासून कायद्याने बंदी आहे. असायलाच हवी. ३२ चौरस किलोमीटर जमीन मुंबई-पुण्याच्या बाजारभावाला खुली केली तर एका वर्षात बेटकऱ्यांच्या हाती काय उरेल, हे अलिबाग आणि मुरूडकडे बघितलेल्यांना समजावून सांगायला नको.

जायला परवाना का लागतो, आणि जायचं कसं?

१९६७ च्या नियमांनुसार बाहेरच्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, भारतीयांनाही. बेटं लहान, लोक जमातीचे, जागा सीमेवरची, ही त्यामागची कारणं. अर्ज ऑनलाइन होतो, पोलिसांचा दाखला लागतो. सहलीतून गेलात तर आयोजक सोय करतो.

कोचीहून जहाजाने १४ ते १८ तास. ‘एम. व्ही. कवरत्ती’ हे ७०० प्रवाशांचं मोठं जहाज. सरकारी पर्यटन संस्थेच्या ‘समुद्रम’ सहलीत दिवसा बेटावर आणि रात्री जहाजावर मुक्काम असतो. मला हीच पद्धत सगळ्यांत बरी वाटते, कारण पाहुण्यांच्या रात्रीच्या पाण्याचा बोजा बेटावर पडत नाही. विमानतळ फक्त अगत्तीला, १९८८ पासून. धावपट्टी आखूड, लहान विमानंच उतरतात. कोचीहून सेवा जुनी आहे, २०२४ मध्ये गोव्याच्या मोपा विमानतळावरूनही सुरू झाली. मुंबईहून क्रूझ २०२१ पासून जातात. वेळापत्रकं हंगामागणिक बदलतात, निघण्याआधी खात्री करून घ्या.

बेटांमधल्या तिकिटांवर पहिला हक्क तिथल्या लोकांचा. कोचीला औषधोपचारासाठी निघालेल्या माणसाची जागा आपल्या सुट्टीने अडू नये, एवढी काळजी घ्यावी.

मालदीवसारखं का करत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. मालदीवमध्ये सुमारे १२०० बेटं आहेत आणि लोक राहतात ती दोनशेच्या आसपास. रिसॉर्टं मुख्यतः ओसाड बेटांवर, एका बेटावर एक. लक्षद्वीपमध्ये मोठी बेटं सगळी भरलेली, आणि ओसाड आहेत ती टिचभर.

आता ते नऊ लिटर आठवा. आलिशान खोलीतला पाहुणा दिवसाला शेकडो लिटर पाणी सहज वापरतो: शॉवर, चादरी, पोहण्याचा तलाव, बाग. ते पाणी विहिरींच्या थरातून काढलं तर गावाच्या विहिरी मचूळ होणार. यंत्राने करायचं तर आणखी वीज, म्हणजे आणखी डिझेल. सांडपाणी पुन्हा त्याच वाळूत.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने प्रत्येक बेटाची सोसण्याची ताकद मोजून त्या मर्यादेतच बांधकाम करावं असं सांगितलं आणि त्यावरून बेटवार आराखडे झाले. माझ्या मते ती चौकट सोडायचं काही कारण नाही. जानेवारी २०२३ मध्ये ताज समूहाने सुहेली आणि कदमत इथं दोन रिसॉर्टांची घोषणा केली, प्रत्येकी ११० खोल्यांची, त्यांत लगूनच्या पाण्यावर उभ्या राहणाऱ्या खोल्याही. पाण्यावरची खोली म्हणजे लगूनच्या तळात खांब, वर सावली, आणि खाली तीच बारीक मासळी जिच्यावर कुप्याची होडी निघते. सुहेलीवर कायमची वस्ती नसली तरी कवरत्तीचे कोळी तिथं हंगामाला मासेमारीसाठी जातात. रोजगार हवा आहे, यात शंका नाही. तो लोकांच्या घरी राहणारे थोडे पाहुणे, डायव्हिंग शिकवणारी स्थानिक मुलं आणि काठीच्या कुप्याला मिळणारा चांगला भाव यांतून आधी उभा करावा.

२०२१ मध्ये एवढा गदारोळ कशाचा झाला होता?

डिसेंबर २०२० मध्ये प्रफुल खोडा पटेल प्रशासक झाले. पुढच्या काही महिन्यांत बऱ्याच नियमांचे मसुदे आले: नियोजनासाठी जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार देणारा, खटल्याविना स्थानबद्धतेची तरतूद असलेला, दोनहून अधिक मुलं असलेल्यांना पंचायत निवडणुकीला अपात्र ठरवणारा, गोमांसावर बंदी घालणारा. लोकांनी घरात राहून उपोषण केलं, केरळ विधानसभेने ३१ मे २०२१ रोजी प्रशासकांना परत बोलावण्याचा ठराव केला. प्रशासनाचं म्हणणं विकास आणि सुव्यवस्थेचं होतं. लोकांचं म्हणणं साधं होतं: आमच्या जमिनीविषयी ठरवताना आम्हाला विचारा. ते म्हणणं मला योग्य वाटतं.

बित्राचं काय झालं?

बित्रा वस्ती असलेलं सगळ्यांत लहान बेट. क्षेत्रफळ सुमारे ०.१ चौरस किलोमीटर, २०११ मध्ये २७१ माणसं. जुलै २०२५ मध्ये प्रशासनाने हे संपूर्ण बेट संरक्षणाच्या कामासाठी घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची सूचना काढली. रहिवाशांनी आणि खासदारांनी विरोध केला. बित्राचं लगून जमिनीच्या मानाने अवाढव्य आहे आणि आसपासच्या बेटांचे कोळीही तिथं येतात, म्हणून हा प्रश्न २७१ माणसांपुरता नाही. देशाच्या सुरक्षेसाठी तळ लागतो हे मान्य करूनही अख्खं गाव उठवण्याआधी तळ आणि गाव शेजारी राहू शकतात का, हे कसून तपासायलाच हवं. मिनिकॉयला ते शक्य झालं आहे.

बेटं बुडणार का?

बंगारमजवळचं परळी-१ हे लहान, निर्मनुष्य बेट झिजून नाहीसं झालं, हे २०१७ मध्ये अभ्यासातून पुढे आलं. वस्तीच्या बेटांवर आधी जाणवतं ते वेगळं: उधाणाचं पाणी आत येतं, माडांची रांग कोसळते, विहीर मचूळ होते. किनाऱ्याला सिमेंटचे चौपायी ठोकळे टाकतात. त्यांनी तिथली धूप थोपते, पण पुढच्या वळणावर ती वाढण्याची भीती असते.

बेटाचा खरा बांध प्रवाळाचा कडा. लाट त्याच्यावर फुटते आणि लगूनमध्ये मवाळ होऊन येते. वाळूही त्याच्यापासूनच बनते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं आणि मोठ्या प्रमाणावर मेलं, २०२४ मध्ये पुन्हा तेच झालं. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अगत्ती, कदमत आणि कवरत्तीला १९९८ पासून २४ वर्षं नोंदी ठेवल्या; प्रवाळाचं आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आलं. दोन तडाख्यांमधे सावरायला उसंत मिळाली तर प्रवाळ परत येतं. जगाचं तापमान लक्षद्वीपच्या हातात नाही, पण लगूनमध्ये गाळ उपसणं, सांडपाणी सोडणं, नांगर टाकणं थांबवणं हातात आहे.

जाताना काय पाळावं?

दारू नेऊ नका. बंगारम सोडून सगळीकडे बंदी आहे. कुत्रा नेता येत नाही, बेटं रेबीजमुक्त आहेत. मेलेलं का होईना, प्रवाळ उचलून आणू नका; तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. ओहोटीला लगूनमध्ये चालताना प्रवाळावर पाय देऊ नका. प्लास्टिक नेलंत तितकं परत आणा, कारण बेटावर ते पुरायला जागा नाही. गावात हिंडताना अंगभर कपडे घाला, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. अंघोळीला एक बादली पुरते.

कोणते महिने बरे?

ऑक्टोबर ते एप्रिल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखाची आणि समुद्र शांत. मार्चपासून उकाडा वाढतो आणि विहिरींचं पाणीही उतरू लागतं, त्यामुळे जमल्यास हिवाळ्यातच जावं.